पाचवा तुकडा

३ मार्च, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत

प्रिय वन्सं,

चिडलीस ना? चीड. लग्नानंतर पहिल्यांदा तुला ‘वन्सं’ म्हटलं तेव्हा तू फूटपट्टी उगारली होतीस. “मैत्रीण होतीस तेवढं पुरे होतं, आता हे नणंदपण कशाला माझ्या गळ्यात मारतेस?” म्हणाली होतीस. मला तो शब्द तेव्हापासूनच आवडतो, केवळ तुला आवडत नाही म्हणून.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र उचलावं लागत नाही, ते दाराच्या फटीतून आपलं आपण आत येतं. न वाचता फाडलंस तरी मला कळणार नाही, तेव्हा तू वाचतेयस असंच मी धरून चालणार आहे. तीन वर्षं झाली. तुझी खबरबात तुझ्या दादाकडून कळते. पडद्यांच्या दुकानात आहेस, कापड मोजून देतेस, बरी आहेस. “बरी आहे” याच्या पलीकडे तो एक अक्षर बोलत नाही. वर्गात तासभर तोंडाचा पट्टा चालवतो, पण बहिणीचा विषय निघाला की दातखीळ बसते.

मी कामाचंच सांगते, ते सांगायला सोपं आहे. साहेबांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलंय. लॅबनं गेल्या पंधरा वर्षांत जो जो माल यंत्रावर तुटेपर्यंत ओढून पाहिला त्या सगळ्याचा एक मोठा तक्ता करायचा. पोलाद, अल्युमिनियम, पितळ, लाकूड, रबर, प्लॅस्टिकचे सात प्रकार, आणखी काय काय, मिळून तेवीस. प्रत्येकाची एक आडवी पट्टी. डावं टोक म्हणजे त्या मालानं सगळ्यात कमी किती ताणाला हात टेकले, उजवं टोक म्हणजे सगळ्यात जास्त किती. छापून ग्राहकांना वाटायचा, त्यांनी तो भिंतीवर लावायचा आणि बघून माल निवडायचा. साहेब म्हणाले, “एकच सरासरी दिली की लोकांना वाटतं ती काळ्या दगडावरची रेघ आहे. माल कुठून कुठपर्यंत जातो ते दिसू दे.” हे शब्दन् शब्द तुझे. तू म्हणायचीस तेव्हा साहेब चष्मा पुसायला घ्यायचे, आता स्वतःचे म्हणून सांगताहेत.

वीस तारखेला तक्ता छापखान्यात जायचा आहे आणि तो स्प्रेडशीटमध्ये करायचं काम माझ्या माथी आलंय. मी आणि स्प्रेडशीट! आपल्या दोघींत ते खातं तुझं होतं. मी यंत्रावर तुकडे ओढायचे, तू आकडे मांडून सही करायची. आता तुझ्या खुर्चीवर कुणी नाही. माणूस ठेवला होता, चार महिन्यांत पळाला.

पट्टी काढायची तर सरासरी चालत नाही, प्रत्येक तुकड्याचा आकडा लागतो. म्हणून जुन्या वह्या उपसल्या. धुळीनं शिंकून शिंकून जीव गेला, पण सगळ्या मिळाल्या. एकच वही, चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची, अजून गहाळच आहे, कुठे गेली कोण जाणे. नायलॉन त्या एकाच वेळी ओढलं होतं, ते मी रिपोर्टात छापलेल्या आकड्यांवरून भरलं.

तुला तो महिना आठवत असेलच. शिडीच्या खटक्याचं नायलॉन. पुढे तो खटका वाकला, घडीची शिडी मिटली, वरचा रंगारी खाली आला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. रिपोर्टावर सही तुझी होती, म्हणून तुला काढलं. लॅबमध्ये अजून कुणी घाईत सही करायला लागलं की बाकीचे म्हणतात, “शिडी करू नका.” मला ते ऐकवत नाही. मी काही बोलत नाही, पण ऐकवत नाही एवढं खरं.

सुट्टी संपली. डबा तसाच राहिला.

तुझी,
वहिनी


८ मार्च, रविवार
सकाळी, जेवणाच्या टेबलावर

प्रिय वन्सं,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी रोज पेटी उघडून बघते, सवय म्हणून.

तुझ्या दादानं मला स्प्रेडशीट शिकवायचं मनावर घेतलंय. गणिताचा मास्तर घरात असणं म्हणजे काय ते तू लहानपणापासून भोगलंयस, मी आता भोगतेय. आधी त्याला आपलं काम समजावून सांगावं लागलं. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण बायको दिवसभर काय करते हे त्याला धड माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुकडा दोन्ही बाजूंनी पकडीत धरायचा, यंत्रानं ओढायचा, त्यानं मान टाकली की आकडा लिहायचा. एका मालाचे पाच तुकडे.

“म्हणजे चांगल्या वस्तू मोडायच्या आणि किती जोर लागला ते लिहून ठेवायचं?”

“हो.”

“आमच्या सातवी ब ला घ्या. ते फुकट करतील.”

आता गंमत ऐक. तुला माहीत असेल, मला नव्हतं. स्प्रेडशीटला ‘इथून इथपर्यंत’ अशी पट्टी काढता येत नाही. ती बिचारी शून्यापासूनच सुरुवात करते. म्हणून एकापुढे एक दोन पट्ट्या लावायच्या. पहिली शून्यापासून कमीत कमी आकड्यापर्यंत, आणि तिचा रंग काढून टाकायचा. दुसरी तिच्यापुढे, ती रंगवायची. बघणाऱ्याला वाटतं रंगीत पट्टी अधांतरी आहे. खरं तर तिला मागून टेकू असतो.

मी पहिल्या रकान्यात किमान भरलं, दुसऱ्यात कमाल. तेवीस ओळी, दोन तास. चार्ट काढला आणि सगळा माल रातोरात पहिलवान झाला. पोलाद पानाबाहेर गेलं. नायलॉन एकशे साठाच्या पुढे! असलं नायलॉन निघालं तर पोलादाचे कारखाने दाराला कडी लावतील. मी माझ्याच करणीवर खूश होऊन बसले होते, तेवढ्यात तुझा दादा मागे येऊन उभा राहिला.

“दुसऱ्या रकान्यात काय भरलंय?”

“कमाल.”

“प्रश्न पुन्हा वाचा.”

“अहो, मी काय सातवी ब आहे?”

“सातवी ब नं हे बरोबर केलं असतं. बाई, अंतर भर, ठिकाण नको. कमालमधून किमान वजा कर. जेवढा फरक, तेवढीच पट्टी.”

पुन्हा तेवीस ओळी. यंत्रानं वजाबाकी आपोआप होते हेही मला बाविसावी ओळ हातानं भरल्यावर सांगितलं. मुद्दाम. डोळ्यांत दिसत होतं.

पण मग चार्ट खरंच छान आला गं. लाकडाची पट्टी ही लांबलचक, आज एक, उद्या एक, लाकूड ते लाकूडच. रबराची त्याच्या मानानं भरपूर. पितळ आटोपशीर. आणि सगळ्यांच्या मधोमध नायलॉन, एकोणऐंशी ते ब्याऐंशी. ती पट्टी नव्हेच, दोरा. काल साहेबांना दाखवला तर म्हणाले, “नायलॉन बघा, कसं शिस्तीत आहे! एक कंपनी न्हाणीघरात म्हाताऱ्यांनी धरायच्या दांड्या करणार आहे, त्यांच्या खटक्यासाठी हेच सुचवू.”

तुझ्या दादानं मात्र त्या दोऱ्यावर बोट ठेवलं. “ही एवढीशी का?”

मी म्हटलं, “चांगला माल आहे.”

तो म्हणाला, “वर्गात सगळ्यांना सारखेच मार्क पडले की मी शाबासकी देत नाही. कुणी कॉपी केली ते शोधतो.”

“नायलॉनला कॉपी करता येत नाही.”

“नायलॉनला नाही,” म्हणाला आणि चहा ढवळत बसला. त्याच्या मनात काही नव्हतं. मास्तरी विनोद, रोज चार करतो. मी मात्र चार्ट बंद केला आणि उगाच टेबल पुसायला लागले.

बाकी सगळं ठीक. तुझी कुंडीतली वेल अजून माझ्याकडे आहे, खिडकी भरून टाकलीय तिनं.

वहिनी


९ मार्च, सोमवार

सकाळी ते पत्र पेटीत टाकलं आणि परत हात घालून काढता येईल का ते बघत उभी राहिले. येत नाही. मनगट अडकतं. एक आजोबा म्हणाले, “बाई, गेलं ते गेलं.”

वन्सं म्हणून लिहायला आज धीर होत नाही.

वही गहाळ झालेली नाही. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, जुन्या एप्रनच्या घडीत. तुला काढलं त्याच्या आदल्या दिवसापासून तिथेच आहे.

त्या मे महिन्यात शिडीवाल्यांनी नायलॉनचे पाचच तुकडे पाठवले होते. बंद पिशवीत, कोरडे. शुक्रवारी संध्याकाळी मी ते मोजून ठेवत होते, घरी जायची घाई होती, आणि एक तुकडा हातातून निसटून धुवायच्या टबात पडला. टबात साबणाचं पाणी आणि दिवसभराची भांडी. मी म्हटलं, सोमवारी काढू. सोमवारी काढला. पुसला. दिसायला बाकीच्या चौघांसारखाच. नायलॉन पाणी पितं हे मला काय माहीत नव्हतं? बारा वर्षं त्या यंत्रावर होते. पण पातळ तुकडा अडीच दिवसांत किती पिणार, असं म्हटलं आणि ओढला.

पहिले चार ब्याऐंशी, एकोणऐंशी, एक्याऐंशी, ऐंशी. पाचवा बावन्न.

मी घाबरले. नायलॉनला नाही, तुला घाबरले. तू तुकड्यांच्या बाबतीत किती कडक होतीस! आदल्याच आठवड्यात मी रबराच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या होत्या आणि तू सगळ्यांसमोर मला झापलं होतंस. घरी मी तुझी वहिनी, लॅबमध्ये तू माझी वरिष्ठ, आणि दोन्हीकडे मीच धांदरट. पुन्हा तेच ऐकायचं नव्हतं. म्हणून बावन्नवर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘पकड सरकली’. खाली माझी आद्याक्षरं.

तू वही बघून विचारलंस, “सरकली?”

मी म्हटलं, “सरकली.”

“पुन्हा ओढायला तुकडा आहे?”

“नाही.”

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “ठीक आहे, तू म्हणतेस तर.” चार तुकड्यांच्या सरासरीवर सही केलीस. तुकडा भिजलेला होता एवढं सांगितलं असतं तर तुझी ट्यूब क्षणात पेटली असती. तू शिडीवाल्यांना विचारलं असतंस, ही शिडी ओल्या जागी वापरणार का? ते हो म्हणाले असते. तो रंगारी पोहण्याच्या तलावाच्या आतल्या भिंती रंगवत होता. तीन आठवडे ती शिडी त्या दमटात उभी होती.

आणि चौकशीच्या खोलीत तू माझ्याकडे वळून म्हणालीस, “तू सांग ना, पकड सरकली होती, आपण दोघींनी मिळून तो आकडा सोडला.” तुला तेव्हाही वाटत होतं की मी खरं बोलले होते. साहेबांनी मला विचारलं. मी टेबलाकडे बघून म्हटलं, “सही त्यांची आहे.” तू मला त्याबद्दल कधी माफ केलं नाहीस, आणि त्यामागे काय होतं ते तर तुला ठाऊकही नव्हतं.

तुझं नाव माझ्या एका खोट्या शब्दामुळे गेलं. मी पोटात ठेवलं, आणि पोटात ठेवलं की पचतं असं वाटत होतं. पचत नाही. चार्टवर तो दोरा बघितला. उद्या कुणीतरी म्हातारं माणूस न्हाणीघरात त्या खटक्यावर भार टाकेल. मी दुसऱ्यांदा गप्प बसू शकत नाही.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. आधी तुझं नाव स्वच्छ करते, मग काय लिहायचं ते बघू.


१४ मार्च, शनिवार
दुपारी, लॅबमधून

प्रिय वन्सं,

सोमवारीच तुझ्या दादाला सांगितलं. तो सातवी ब च्या वह्या तपासत होता. मी उभ्या उभ्या सगळं बोलले, मधे थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. त्यानं लाल पेनाला टोपण लावलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “तीन वर्षं मी तिला फोनवर ‘जाऊ दे गं, चूक होते माणसाकडून’ असं सांगतोय. ती म्हणायची, माझी चूक कोणती तेवढी सांग. मला सांगता यायची नाही.” मग चपला घालून बाहेर गेला. तासाभरानं आला, पाव घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, “साहेबांना कोण सांगणार?”

“मी.”

“कधी?”

“नुसतं तोंडी नको. पुरावा घेऊन.”

मंगळवारी नायलॉनचे दहा तुकडे काढले. पाच कोरडे पिशवीत, पाच पाण्यात. या वेळी मुद्दाम, आणि टबावर माझ्या हातानं चिठ्ठी लावली, तारीख, वेळ, नाव. शुक्रवारी सकाळी ओढले. कोरडे पाचही ऐंशीच्या आसपास. भिजलेले त्रेपन्न, एक्कावन्न, बावन्न, चोपन्न, पन्नास. प्रत्येक वेळी सुई थांबली की मी पकड तपासत होते. एकदाही सरकली नाही. तिसऱ्या तुकड्याला नेमके बावन्न आले तेव्हा मी यंत्राशेजारी खाली बसले आणि रडले. मग उठून चौथा ओढला.

दोन्ही वह्या घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी जुनी वही उघडली, रेघ बघितली, माझी आद्याक्षरं बघितली.

“ही वही कुठे होती?”

“माझ्या कपाटात.”

“तीन वर्षं?”

“हो.”

“बाई, त्याच कपाटाची धूळ झटकायला तुम्ही दर वर्षी माझी मदत मागत होतात!”

मला हसू यायला नको होतं. आलं. साहेबांना नाही आलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “तिला काढायच्या पत्रावर माझी सही आहे. वही मागायला हवी होती मी. गहाळ आहे म्हणालात आणि मी सोडून दिलं, कारण प्रकरण मिटवायचं होतं.” मला वाटलं होतं आता माझं काही खरं नाही. ते म्हणाले, “काय करायचं ते सोमवारी सांगतो. आज तक्ता दुरुस्त करा.”

नायलॉनच्या किमानच्या चौकटीत एकोणऐंशी होते, ते खोडून पन्नास लिहिले. फरक आपोआप बदलला, आणि दोऱ्याची पट्टी झाली. एवढंच करायचं होतं गं. एक चौकट.


२१ मार्च, शनिवार

प्रिय वन्सं,

निकाल ऐक. नोकरी राहिली, यंत्र गेलं. वर्षभर मी यंत्राला हात लावायचा नाही. तुकड्यांची नोंद, वह्या आणि स्प्रेडशीट एवढंच माझ्याकडे. यंत्रावरून जाता येता नजर वळते, पण शिक्षा योग्य आहे. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि मला सांगायला लावलं. मी सांगितलं. टबापासून ते ‘सही त्यांची आहे’ पर्यंत. दोघी जणी अजून माझ्याशी डबा खात नाहीत.

शिडीवाल्यांना दुरुस्त रिपोर्ट गेला. त्यांनी त्या अपघातानंतर लोखंडी खटका बसवलाच होता, पण बाकी कुठे नायलॉन आहे ते आता तपासताहेत. न्हाणीघराच्या दांडीवाल्यांनी माल बदलला. तक्ता काल छापला, एक प्रत सोबत पाठवतेय. नायलॉनपुढे बारीक अक्षरात लिहिलंय, ‘पाण्यानं ताकद घटते’. साहेबांचं तुला लिहिलेलं पत्रही याच पाकिटात आहे. ते मी वाचलेलं नाही. चिकटवलेलं होतं. उजेडात धरून बघितलं, पण काही दिसलं नाही.

आणि मी त्या रंगाऱ्याकडे जाऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. तो एका गल्लीत तळमजल्याच्या खिडक्यांच्या चौकटी रंगवत होता, काठी भिंतीला टेकवून. उंचावरची कामं त्यानं सोडली. मी सगळं सांगितलं. तो ब्रश थांबवेना. चौकटीचा कोपरा पुरा केला, मग म्हणाला,

“बाई, मी आधी शिडीला शिव्या दिल्या. मग कंपनीला. मग कुणीतरी सांगितलं एका बाईची सही आहे, तर वर्षभर त्या बाईला दिल्या. आता तुम्ही आलात, तर माझ्याकडं शिव्याच उरल्या नाहीत.”

त्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

“त्या सहीवाल्या बाई कुठं असतात?”

“दुसऱ्या गावी. पडद्यांच्या दुकानात.”

“त्यांना सांगा, माझ्याकडून चुकून त्यांच्या नावानं पुष्कळ वाईट बोललं गेलं. मनात ठेवू नका म्हणावं.” आणि मला म्हणाला, “तुम्ही सरका. उजेड अडवताय.”

सरकले. निरोप तुला पोचवतेय, शब्दाला शब्द.

आता माझं. वन्सं, मी तुझं वाईट केलं. घाबरून केलं, मग लाजेनं लपवलं, मग सवयीनं. तुझी आठवण रोज येते, आणि येते तेव्हा तू हसत असतेस, ते सगळ्यात वाईट. मला माफ कर. नाही केलंस तरी तुझी खुर्ची मी रोज पुसते. साहेबांनी ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं ठरवलंय. तू हो किंवा नाही कळवेपर्यंत.

तुझी,
वहिनी


३० मार्च, सोमवार

वहिनीसाहेब,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून वाटलं, ही बाई तीन वर्षांनी मला स्प्रेडशीट शिकवायला निघालीय. तिसरं वाचलं आणि दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. नदीकाठच्या बाकावर बसून तुला जेवढ्या शिव्या माहीत आहेत तेवढ्या सगळ्या तुला दिल्या, मग फक्त मला माहीत असलेल्याही दिल्या. रंगाऱ्याकडे संपल्या असतील, माझ्याकडे साठा आहे.

तुला एक सांगते, ते नीट वाच. या तीन वर्षांत मला माझ्या सहीची भीती बसली होती. कापड कापायच्या आधी मी तीनदा मोजते. गिऱ्हाईकं हसतात, मालक म्हणतो, बाई, पडदा आहे, पूल नाही. माझं कुठे चुकलं ते मला सापडत नव्हतं, म्हणून सगळीकडेच चुकत असेल असं वाटायला लागलं होतं. तुझं तिसरं पत्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी एकदाच मोजलं आणि कापलं. बरोबर निघालं. मला इतका आनंद झाला, आणि तो आनंद तू तीन वर्षं कपाटात, एप्रनखाली ठेवला होतास म्हणून पुन्हा तुझा राग आला.

तुकडा पाण्यात पडला हे त्या सोमवारी सांगितलं असतंस ना, तर मी पाच मिनिटं ओरडले असते. मग आपण दोघी हसलो असतो. मग मी रिपोर्टात एक ओळ लिहिली असती, ‘ओल्या जागी वापरू नये’. एवढंच झालं असतं गं. पण मी अशी ओरडत होते की तुला खोटं बोलणं सोपं वाटलं, याचाही विचार करतेय. त्यात तुझी सुटका नाही. माझा हिशेब मी वेगळा बघेन.

त्या रंगाऱ्याला सांग, मनात काही नाही. मी स्वतः जाऊन भेटेन.

तक्ता बघितला. छान झालाय, पण एक चूक आहे. ओलं आणि कोरडं नायलॉन तू एकाच पट्टीत कोंबलंयस. पन्नास ते ब्याऐंशी बघून लोकांना वाटेल हा माल लहरी आहे, कधी कसा वागेल सांगता येत नाही. तो लहरी मुळीच नाही. कोरडा असताना ऐंशी, भिजला की बावन्न, दोन्हीकडे अगदी शब्दाचा पक्का. त्याला कुठे उभं करताय ते आधी विचारायला हवं. पुढच्या छपाईत दोन ओळी कर, दोन पट्ट्या. आणि टेकूचा रंग काढायला विसरू नकोस.

साहेबांना कळवलंय की येते. एक अट घातलीय, लॅबमध्ये ‘शिडी करू नका’ म्हणायचं नाही, कुणीच. तुझ्याबद्दल काही अट घातली नाही. काय घालावी ते सुचेना. तुला माफ केलंय असं समजू नकोस, ते अजून मलाच ठाऊक नाही.

गाडी रविवारी सकाळी सव्वाअकराला पोचते. सामान बरंच आहे. दादाला पाठवू नकोस. तू ये.